बाकाखालची दुपार

६ सप्टेंबर

ती. वन्संना नमस्कार,

काल फोनवर मी घसा फोडून "शाळा, शाळा" म्हणत होते आणि तुम्ही "शाल? कुणाची शाल?" असं विचारत होतात. शेवटी तुमच्या भावाने माझ्या हातातून फोन काढून घेतला आणि म्हणाला, "तिला पत्र लिही. डोळे शाबूत आहेत अजून." म्हणून लिहिते आहे.

गोष्ट शाळेचीच आहे, तुमच्या भाचीच्या. मोठ्या बाईंनी मला बोलावून सांगितलं की भिंगरीला यापुढे मधल्या सुट्टीतच घरी न्या. दुसरीत गेल्यापासून रोज एकच प्रकार चाललाय म्हणे. सुट्टी संपते, मुलं वर्गात येतात, ही दारातून आत येऊन थोडी उभी राहते. मग किंचाळते आणि सरळ बाकाखाली जाऊन बसते. शाळा सुटेपर्यंत बाहेर यायचं नाव नाही. ओढून काढायला गेलं तर लाथा झाडते. पहिलीत यातलं काहीच नव्हतं. आणि वन्सं, सकाळचे सगळे तास ती त्याच वर्गात, त्याच मुलांत, अगदी शहाण्यासारखी बसते. मग दुपारी हिच्या अंगात काय येतं?

गेल्या वर्षी डॉक्टरांनी स्वमग्नता आहे असं सांगितलं तेव्हा आम्ही शाळेला लगेच कळवलं होतं. त्यांनी माना डोलावल्या होत्या. आता मोठ्या बाई म्हणतात, "दमते हो बिचारी. सात वर्षांचं लेकरू. अर्धा दिवस पुरे आहे तिला." ऐकताना मलाही ते पटलं. जिना उतरून खाली आले आणि पटेनासं झालं. आज अर्धा दिवस, उद्या "तिला झेपेल अशी दुसरी शाळा बघा", हे त्यांनी म्हटलं नाही, पण मला ऐकू आलं. का माझ्याच मनाचे खेळ आहेत, कोण जाणे.

घरी ती दुसऱ्यांच्या वाक्यांत बोलते हे तुम्ही पाहिलंय. बोलणं पुरे झालं की "दार बंद होत आहे, कृपया दूर उभे राहा." बापाबरोबर लिफ्ट दुरुस्तीला जाऊन जाऊन शिकलेलं. आम्हाला त्याचा अर्थ कळतो. शाळेत कुणाला कळणार?

तुम्ही इतकी वर्षं एका शाळेच्या मोठ्या बाई होतात. टेबलाच्या त्या बाजूने हे कसं दिसतं? मी काय मागू?

तुमची भावजय

---

१३ सप्टेंबर

प्रिय भावजयबाई, आशीर्वाद.

शाल येणार नाही हे कळून जरा हिरमुसले. रंगही ठरवून ठेवला होता.

आता नीट ऐक. टेबलाच्या त्या बाजूने पालक दोनच प्रकारचे दिसतात, रडणारे आणि भांडणारे. रडणाऱ्यांना पाणी देतात आणि भांडणाऱ्यांना पुढची तारीख. तू दोन्हींतली होऊ नकोस. जाण्याआधी एक गोष्ट ठरव, तेवढीच माग, आणि त्यांनी विषय कुठेही नेला तरी परत तीच माग. "मला वाटतं", "कदाचित", "बघा ना जरा", हे शब्द घरी ठेवून जा. गोंधळलेल्या आईला शाळा स्वतःच्या सोयीचं उत्तर देते. हे मी खुर्चीत बसून शिकले आहे.

अर्ध्या दिवसाला हो म्हणू नकोस. एकदा अर्ध्या दिवसावर गेलेलं मूल पूर्ण दिवसावर परत आणणं फार अवघड जातं. सगळ्यांना त्याच्याशिवाय दुपार काढायची सवय लागते.

पण मागायचं काय, ते मला इथे बसून कसं कळणार? ते तूच ठरव. आई आहेस. आणि माझ्या भावाला विचारण्यात अर्थ नाही. तो म्हणेल "काही झालेलं नाही तिला". त्याला स्वतःलाही लहानपणी काही झालेलं नव्हतं. फक्त त्याची वाटी फुटली तेव्हा तो जेवायचाच थांबला आणि आम्ही सगळे हवालदिल झालो, एवढंच.

मला ते स्वमग्न हे नावच पटत नाही बघ. ही पोरगी स्वतःत मग्न कुठे आहे? माझ्या घरी आली तेव्हा माझ्या प्रत्येक दाराच्या बिजागरीत मग्न होती.

कानाचं यंत्र सांगितलं आहे. लवकरच मिळेल. मग फोनवर भांडू.

तुझी वन्सं

---

२२ सप्टेंबर

ती. वन्संना नमस्कार,

मला पाणी मिळालं. म्हणजे मी रडणाऱ्यांत गेले.

ठरवून गेले होते हो. पूर्ण दिवस हवा, एवढंच म्हणायचं. खुर्चीत बसल्या बसल्या म्हटलंसुद्धा. मोठ्या बाई म्हणाल्या, "ठेवतो की पूर्ण दिवस. मग ती किंचाळली की आम्ही काय करायचं, ते तुम्ही सांगा." इथे माझी गाडी अडली. तुमच्या वाक्यांत पुढचं काही नव्हतं.

वर्गाच्या बाईही होत्या. तरुण आहेत, घसा बसलेला, हाताला खडू. वाईट नाहीत. पण त्या जे म्हणाल्या ते ऐकून मी खजील झाले. "ती माझी नक्कल करते. सुट्टीनंतर सगळ्यांच्या देखत 'जागेवर बसा, जागेवर बसा' असं मलाच ओरडून सांगते. मुलं हसतात. मग मी वर्ग सांभाळायचा कसा?" मी त्यांची माफी मागितली. घरी येताना विचार करत होते, कशाबद्दल मागितली? चिडवायला म्हणून कुणाची नक्कल करणं तिला कधी जमलेलं मी पाहिलेलं नाही. पण बाई खोटं कशाला बोलतील?

इतकंच पदरात पडलं की निर्णय लांबला. तोवर दुपारी मी शाळेजवळ हजर राहायचं, बोलावलं की आत जाऊन तिला घेऊन यायचं. मालकांना सांगून मी कामावर पहाटेच जाते. दातांच्या कवळ्यांचे मेणाचे साचे सकाळी उरकते आणि दुपारी शाळेच्या फाटकापाशी कट्ट्यावर बसते. काल तिथे बसून मनात आलं, कवळी नीट बसली नाही तर माणूस निदान बोट ठेवून सांगतो, इथे टोचतंय. मग तेवढंच घासायचं. हिला कुठे टोचतंय?

भिंगरीला विचारलं, "दुपारी काय होतं गं?" ती म्हणाली, "दुपारी बारा ते चार वीजपुरवठा बंद राहील." गेल्या महिन्यात इमारतीत लावलेली सूचना. याचा अर्थ लावायचा का, आणि लावला तर काय?

तुमचा भाऊ म्हणतो, "काही झालेलं नाही तिला."

तुमची भावजय

---

३० सप्टेंबर

प्रिय भावजयबाई,

यंत्र मिळालं. आणि मला तुझ्या प्रश्नाचं उत्तरही मिळालं!

कालपासून जग माझ्या अंगावर धावून येतंय. वर्तमानपत्राचं पान उलटलं तर पत्र्यावर दगड पडल्यासारखं वाटलं. नळ सोडला आणि मी टाकी फुटली म्हणून ओरडले. माझ्या सपातांचा एवढा आवाज होतो आणि आजवर मला कुणी सांगितलं नाही! संध्याकाळी दुकानात गेले. तिथे ट्रॉल्या, पिशव्या, कुणाचं तरी बाळ, वर ते गाणं. मी साबणाच्या मांडणीपाशी दोन्ही कान दाबून मटकन खाली बसले. दुकानातल्या मुलीने विचारलं, "आजी, चक्कर आली का?" मला तोंडातून शब्द काढता येईना. तिथे एखादं बाक असतं तर मीही त्याच्याखाली गेले असते, तुझी शपथ.

तेव्हा डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मधली सुट्टी संपते, सगळी मुलं एकदम आत येतात, बाकं सरकतात, डबे आपटतात. पोरीला तो गोंगाट सहन होत नाही! ते "जागेवर बसा" म्हणजे दुसरं काय? गप्प बसा, आवाज बंद करा. इतकं सरळ आहे.

आता तुझी एक गोष्ट ठरली. सुट्टीनंतर तिला बसायला शांत खोली हवी. लेखी दे. आवाज चढवू नकोस, पण खाली येऊ देऊ नकोस. "कदाचित" म्हणालीस तर माझ्याशी गाठ आहे.

तुझी वन्सं

---

१२ ऑक्टोबर

ती. वन्संना नमस्कार,

मला पाणी मिळालं नाही. तारीखही मिळाली नाही. खोली मिळाली!

तुमचं पत्र वाचून मला इतकं सुटल्यासारखं वाटलं की काय सांगू. महिनाभर डोक्यात जो गुंता होता त्याचं एक टोक हाताला लागलं. मोठ्या बाईंसमोर बसले आणि म्हटलं, "माझ्या मुलीला आवाजाचा त्रास होतो. तिला दुपारी शांत खोली लागेल." एकदाही अडखळले नाही. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. गेल्या वेळची बाई ती हीच का, असं त्यांच्या मनात आलं असणार. कचेरीला लागून नकाशे ठेवायची खोली आहे, ती त्यांनी रिकामी करून दिली. नकाशे जिन्याखाली गेले. एक टेबल, एक खुर्ची, खिडकी. सुट्टी संपली की वर्गाच्या बाई तिला हात धरून तिथे सोडतात, काम देतात, आणि कचेरीतल्या बाई मधल्या काचेतून लक्ष ठेवतात.

किंचाळणं थांबलं आहे. शाळा खूश, मी खूश. मालकांनी माझी पूर्वीची वेळ परत दिली.

ती गप्प असते. घरीही गप्प असते. आठवडाभरात "दार बंद होत आहे" सुद्धा म्हणाली नाही. लिफ्टमध्ये न्यायला बाप तयार होता, तर गेली नाही. थकवा निघत असेल इतक्या दिवसांचा, नाही का? हे चांगलंच म्हणायचं ना?

तुमची भावजय

---

१८ ऑक्टोबर

प्रिय भावजयबाई,

चांगलंच म्हणायचं! शाबास. तू माझ्या शाळेत पालक असतीस तर मी तुला घाबरून असते.

पोरगी गप्प आहे कारण तिला आता ओरडावं लागत नाही. मी यंत्र काढून खणात ठेवते तेव्हा मीसुद्धा अशीच गप्प होते. काय सुख असतं म्हणून सांगू! उगाच शंका काढत बसू नकोस.

तुझी वन्सं

---

५ नोव्हेंबर

वन्सं,

काल भिंगरी वर्गाच्या बाईंना चावली. मनगटाला, रक्त येईपर्यंत.

सुट्टी संपल्यावर बाई तिला खोलीकडे न्यायला लागल्या. तिने वर्गाच्या दाराची चौकट धरून ठेवली. बाईंनी बोटं सोडवायला घेतली आणि तिने दात रोवले. मी पोचले तेव्हा बाई पाण्याच्या नळाखाली हात धरून रडत होत्या, आणि माझी लेक दाराला चिकटून "जागेवर बसा, जागेवर बसा" असं पुटपुटत होती. माझ्याकडे तिने बघितलंही नाही.

आणि हे अचानक झालेलं नाही. पंधरवडाभर ती सकाळी बूट घालू देत नाही. एक बूट तिने जिन्यावरून खाली फेकला. मी तुम्हाला कळवलं नाही कारण तुम्ही लिहिलं होतं, शंका काढत बसू नकोस.

मोठ्या बाई रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. शांतपणे म्हणाल्या, "खोली तुम्हीच मागितलीत. तुम्ही इतक्या खात्रीने बोललात की आम्ही पुढे काही विचारलं नाही." महिनाअखेरीस निर्णय घेणार आहेत. अर्धा दिवस, नाहीतर दुसरी शाळा.

तुमच्या कानांत जे झालं ते तुम्ही माझ्या लेकीच्या कानांत घातलंत, आणि मी ते ठासून शाळेत मांडून आले. मला माहीत नव्हतं तोवर निदान मी तिच्याकडे बघत तरी होते. खोली मिळाल्यावर मी बघायचं थांबवलं.

मला आता सल्ला नको आहे.

---

१७ नोव्हेंबर

प्रिय भावजयबाई,

रागावलीस, ते योग्यच. हे पत्र बऱ्याचदा लिहिलं आणि फाडलं. प्रत्येक वेळी शेवटी एक सल्ला यायचाच, तो यायचा थांबला तेव्हा हे पाठवते आहे.

तुझी सगळी पत्रं काढून परत वाचली. पहिल्याच पत्रात तू लिहिलं होतंस की सकाळी ती त्याच वर्गात, त्याच मुलांत शहाण्यासारखी बसते. मुलं काय सकाळी मुकी असतात? गोंगाट सकाळीही तेवढाच असणार. हे वाक्य माझ्या डोळ्यांसमोर होतं. मी वाचलं आणि ओलांडून पुढे गेले. पुढे माझं यंत्र आलं, आणि मग मला सगळीकडे माझंच यंत्र दिसायला लागलं.

मग दुपारी काय होतं? मला कळत नाही. खोली तिला का नको, तेही कळत नाही. मी बसून विचार केला, माझ्या हाती काही लागलं नाही. हे असं लिहून पाठवायची मला सवय नाही, म्हणून अक्षर वाकडं आलंय.

बाईंचा हात कसा आहे? आणि तुझा? तू त्या दिवसापासून जेवतेस ना?

तुझी वन्सं

---

२८ नोव्हेंबर

ती. वन्संना नमस्कार,

बाईंचा हात बरा आहे. मी जेवते. तुमचं पत्र मिळालं त्याच दिवशी रडून घेतलं, आता राग नाही.

तुम्हाला सगळं सविस्तर सांगायचं आहे. वर्गाच्या बाई परवा फाटकापाशी माझ्याजवळ आल्या. मनगटावर दातांचा वण. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. त्या म्हणाल्या, "मला काहीच सुचत नाही. ती माझ्यावर का चिडलीये तेही कळत नाही. तुम्ही एक दिवस वर्गात येऊन बसाल? काय चुकतंय ते मला दिसत नाहीये." मी म्हटलं, "मलाही दिसेल असं नाही." त्या म्हणाल्या, "चालेल. दोघींना दिसलं नाही तर निदान मी एकटी नसेन."

काल बसले. मागे, कपाटाशेजारी, एका छोट्या खुर्चीवर गुडघे हनुवटीला लावून. त्या दिवशी तिला खोलीत न्यायचं नाही असं बाईंनी ठरवलं होतं. भिंगरी आली, खिडकीशेजारच्या बाकावर बसली, कंपास पेटी बाकाच्या कडेशी जुळवून ठेवली. मागचा मुलगा पट्टी बडवत होता. ही वळली आणि त्याच्याबरोबर पेन्सिल बडवायला लागली! गोंगाटाचं तिला काही नव्हतं, वन्सं. हसत होती.

मधली सुट्टी झाली. मुलं परत आली. दुपारी वाचनाचा तास असतो, तेव्हा बाई गट पाडतात. रोज नवे गट, रोज नव्या जागा. मुलं मिळेल तिथे घुसतात. भिंगरी दारातून आत आली, सरळ खिडकीच्या बाकापाशी गेली. तिथे दुसरीच मुलगी बसलेली. ही तिच्यासमोर उभी राहिली. मी तिचा चेहरा पाहिला. घरी आल्यावर कुलूपच बदललेलं असावं, तसा. ती म्हणाली, "जागेवर बसा." आधी हळू, मग मोठ्याने, सगळ्या वर्गाकडे वळून. मुलं हसली. बाई सवयीने म्हणाल्या, "हो गं राणी, तू बस ना." आणि त्याच क्षणी बाईंनी माझ्याकडे आणि मी त्यांच्याकडे पाहिलं.

ती नक्कल करत नव्हती, आणि आवाज बंद करा असंही म्हणत नव्हती. ती सगळ्यांना आपापल्या जागेवर बसायला सांगत होती. बाईंचं वाक्य, बाईंच्याच अर्थाने. दुसरीत गेल्यापासून सांगत होती.

मग ती किंचाळली आणि बाकाखाली गेली. त्याच बाकाखाली. तिथे कुणी येऊन बसत नाही. खोलीत नेऊन तर आम्ही तिला तेवढ्याही जागेवरून उठवलं होतं.

आम्ही दोघी तशाच मोठ्या बाईंकडे गेलो. त्यांनी चष्मा काढून ठेवला. "आधी पूर्ण दिवस, मग खोली. आता बाक. तुम्हाला नक्की काय हवंय?"

वन्सं, तुमची शिकवण आठवली, आणि मी ती मोडली. म्हटलं, "मला नक्की माहीत नाही. खोलीच्या वेळी मी माहीत असल्यासारखं बोलले, ते चुकलं. आज एक गोष्ट दिसली, ती खरी असेल असं वाटतंय. तिचा बाक दुपारी तिचाच राहू दे. उपयोग झाला नाही तर मी परत येईन, आणि परत बघू."

मला वाटलं, आता संपलं. पण मोठ्या बाई वर्गाच्या बाईंना म्हणाल्या, "तुमचं काय?" आणि तिथे वर्गाच्या बाईंनीच मोडता घातला. म्हणाल्या, जागा बदलते ती उगाच नाही. गेल्या वर्षीच्या वर्गात ठरलेल्या जागा होत्या तेव्हा मागच्या बाकांवरची मुलं मागेच राहिली, पुस्तकाला हातही लावीनात. एकीला खिडकी कायमची दिली तर बाकीच्यांना काय सांगू? मला त्यांचंही पटलं. माझ्या मुलीचा हक्क आणि त्या मागच्या बाकांवरच्या मुलांचा, दोन्ही खरे, मग कुणाचा सोडायचा? शेवटी वर्गाच्या बाईच म्हणाल्या, "गट फिरू देत. हिचा बाक फिरणार नाही. रोज जो गट येईल तो हिच्याकडे येईल."

महिनाअखेरचा निर्णय पुढे ढकलला आहे. रद्द नाही. मोठ्या बाई म्हणाल्या, "नाताळाच्या सुट्टीआधी बघू." नकाशे अजून जिन्याखालीच आहेत.

तुमची भावजय

---

६ डिसेंबर

प्रिय भावजयबाई,

तुझं पत्र वाचताना मी "जागेवर बसा"पाशी आले आणि उठून खोलीभर फिरले. शाळेत हे वाक्य मी किती वेळा म्हटलं असेल आणि त्याला काही अर्थ आहे असं मला कधी वाटलं नव्हतं.

त्या वर्गाच्या बाईंना माझा नमस्कार सांग. चावलेल्या हाताने बोलावणं सोपं नसतं.

पण मला आता भीती वाटते ती वेगळीच. बाक हे तरी बरोबर असेल ना? का हेही माझ्या यंत्रासारखंच? तुला घाबरवायला लिहीत नाही. आजकाल मला प्रत्येक लख्ख प्रकाशाचा संशय यायला लागलाय. यंत्र मी आता फक्त सकाळी घालते. दुपारी काढते. डॉक्टर म्हणाले रोज थोडं वाढवा. थोडं म्हणजे किती, ते त्यांनाही सांगता आलं नाही.

दुपारी ती कशी असते ते लिही. चांगलं असेल तेच लिहिलं पाहिजे असं नाही.

तुझी वन्सं

---

२१ डिसेंबर

ती. वन्संना नमस्कार,

तुम्ही म्हणालात चांगलंच लिहिलं पाहिजे असं नाही, म्हणून जसं आहे तसं लिहिते.

पहिले काही दिवस काहीच फरक पडला नाही. सुट्टीनंतर ती दारात यायची, बाक रिकामा आहे हे बघायची, तरी आत यायची नाही. विश्वास बसत नसणार, असं मला वाटलं. बाईंना वाटलं, बाक नव्हेच, दुसरंच काही असावं. मग एका दुपारी ती येऊन बसली, जणू रोजच बसते. गट तिच्याभोवती आला. ती मुलांना वाचून दाखवते, आणि त्यांना थांबायला सांगायचं असलं की "दार बंद होत आहे" म्हणते. मुलांनी ते उचललंय. आता अर्धा वर्ग भांडण मिटवायचं असलं की तेच म्हणतो.

मधे एक दिवस वर्गाच्या बाई आजारी होत्या. बदलीच्या बाईंना कुणी काही सांगितलेलं नव्हतं. त्या दुपारी परत किंचाळणं, परत फोन, मी हातातलं मेण तसंच टाकून धावत. मला वाटलं, झालं, सुट्टीआधीचं "बघू" आता बघून झालं. मोठ्या बाई कचेरीच्या दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "तुम्हाला उगाच बोलावलं. चूक आमची होती, बदलीच्या बाईंना सांगायचं राहिलं." शाळा असं बोलते हे मला माहीत नव्हतं.

तर अर्ध्या दिवसाचा विषय संपला. पूर्ण दिवस. आता लिहून मिळालं आहे.

आणि हे सगळं मार्गी लागलं असं मी म्हणणार, तोच परवाची गोष्ट. हे मी पाहिलेलं नाही, मी कामावर होते. वर्गाच्या बाईंनी संध्याकाळी फाटकापाशी सांगितलं.

त्या दुपारी वर्गातली एक मुलगी सुट्टीत पडली होती, गुडघा फुटलेला, रडत होती. तिला कुठे बसवावं ते बाईंना कळेना. भिंगरी तिच्याकडे बघत राहिली. मग आपली कंपास पेटी उचलली, खिडकीच्या बाकावरून उठली, आणि त्या मुलीला म्हणाली, "जागेवर बसा." ती मुलगी बसली. भिंगरी त्याच बाकाखाली गेली, पुस्तक घेऊन. किंचाळली नाही. खालूनच मोठ्याने वाचत होती, आणि वरचा गट ऐकत होता.

ज्या बाकासाठी आम्ही इतकं रान उठवलं, तो तिने देऊन टाकला. एका दिवसासाठी की कायमचा? दया आली म्हणून, की रडणं जवळून ऐकवत नाही म्हणून? बाईंनी मला विचारलं, आता काय करायचं? मी म्हटलं, मला माहीत नाही. त्या म्हणाल्या, मलाही नाही. आणि आम्ही फाटकापाशी उभ्या राहून इतक्या हसलो की पालक वळून बघायला लागले.

पण मला खरं सांगायचंय ते पुढचं. ती बाकाखाली वाचत होती तेव्हाच मोठ्या बाई दोन पाहुण्यांना शाळा दाखवत होत्या. तुम्हाला ठाऊकच असेल, अशा दिवशी शाळा कशी असते, प्रत्येक फळा पुसलेला. तिघं वर्गाच्या दारात आली. पाहुण्यांपैकी एकाने वाकून खाली पाहिलं आणि विचारलं, "ही मुलगी खाली का बसली आहे?"

मी तिथे नव्हते, वन्सं. तुमचा भाऊ नव्हता. तिच्या बाजूने बोलायला आमच्यापैकी कुणीच नव्हतं.

मोठ्या बाई म्हणाल्या, "ते आम्हाला अजून कळलेलं नाही. पण ती वाचते आहे." आणि त्यांनी ओठांवर बोट ठेवलं, आणि पाहुण्यांनाही दारात उभं राहून ऐकायला लावलं.

तुमची भावजय